शेवटची अठरा मिनिटे

गणेशचतुर्थीच्या दिवसांत कट्ट्याच्या आमच्या घरी एकांत म्हणून उरत नाही. मुंबई-पुण्याची बिऱ्हाडे येतात, माजघरात पंगतींवर पंगती उठतात, रात्री वाडीतील भजनी मंडळी पखवाज-झांजांसह येऊन जातात, आणि मग झोपायचे सोडून सर्वजण गप्पा मारीत बसतात. अशाच एका रात्री पाऊस धरून राहिल्यामुळे भजन लवकर आटोपले, तेव्हा माझ्या धाकट्या भावाच्या नातवाने टीव्हीवर एक जुना चित्रपट लावला. "मोठे आजोबा, यात आपले रविशंकर आहेत," एवढे आमिष मला बसवून ठेवण्यास पुरेसे होईल, हे त्या धूर्त मुलाने ओळखले होते.

चित्रपटाचे नाव 'माँटेरे पॉप'. कॅलिफोर्नियातील समुद्रकाठच्या माँटेरे गावी १९६७ च्या जूनमध्ये, १६ ते १८ तारखेस, रॉक संगीताचा मोठा उत्सव झाला. डी. ए. पेनेबेकर यांनी टिपलेला तो उत्सव पुढल्या वर्षी चित्रपटरूपाने लोकांपुढे आला. त्यात निवेदकाचा आवाज नाही, उपदेश नाही. खांद्यावर घेऊन हिंडता येतील असे कॅमेरे गर्दीत शिरतात आणि माणसे पाहात राहतात. पांघरुणे घेऊन आलेली, गवतावर पसरलेली, रंगीबेरंगी कपड्यांतील ती तरुण मंडळी पाहून आमची सौ. उद्गारली, "अहो, ही तर आपली आंगणेवाडीची जत्राच की!" खरे सांगायचे तर मलाही दशावतारासाठी रात्रभर देवळापुढे बसलेली माणसे आठवली. जॅनिस जॉप्लिन नावाची मुलगी काळीज फाटेल अशी गाते, आणि श्रोत्यांत बसलेली कॅस एलियट, जी स्वतः नावाजलेली गायिका, तोंडाचा आ करून तिच्याकडे पाहते, ते दृश्य तर मला फारच आवडले.

परंतु पुढे जिमी हेंड्रिक्स आला. त्याने रंगमंचावर गुडघे टेकले, गिटारीवर तेल ओतले, तिला काडी लावली आणि मग आपटून तिचे तुकडे केले. माजघरात क्षणभर शांतता पसरली. पेटीला चुकून पाय लागला तरी हात लावून नमस्कार करणारे आमचे घर! रविशंकरांनाही वाद्याची ती विटंबना फार लागली होती, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. तेव्हा माझा संताप अगदीच अस्थानी नव्हता. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही. भावाकडे वळून म्हणालो, "पाहिलेस? ह्याच नादापासून बाबांनी तुला वाचविले!"

तो काही बोलला नाही.

वाचकांना सांगितले पाहिजे, की १९७१ सालच्या मे महिन्यात हा माझा भाऊ मुंबईहून एक जुनी गिटार घेऊन कट्ट्यास आला होता. बाबांनी तिला पडवीतून आत येऊ दिले नाही. मी नुकताच नोकरीस लागलेलो, त्यामुळे शहाणपणाची सर्व वचने मला मुखोद्गत! मी त्याला चार पानी पत्र लिहिले. त्याने गिटार मित्राला देऊन टाकली, पदवी घेतली, बँकेत गेला, सन्मानाने निवृत्त झाला. त्या पत्राचा विषय घरात पुन्हा निघाला नव्हता.

एव्हाना पडद्यावर सतारीचे स्वर सुरू झाले होते. चित्रपट ऐंशी मिनिटांहूनही लहान, आणि त्यातील शेवटची सुमारे अठरा मिनिटे रविशंकरांना दिलेली. प्रत्यक्षात त्यांचे वादन १८ जूनच्या दुपारी झाले आणि गिटार जळली ती त्याच रात्री. दिग्दर्शकाने क्रम फिरवून सतार अखेरीस ठेवली. कुठे शेवट करावा हे त्याला चांगले कळले होते. आणखी गंमत अशी, की बराच वेळ वादक दिसतच नाहीत. सतार ऐकू येते आणि दिसतात ते केवळ ऐकणारे चेहरे. मग रविशंकर, तबल्यावर अल्ला रखा, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. श्रोत्यांत खुद्द हेंड्रिक्सही स्तब्ध बसलेला दिसतो. (दोन वर्षांनी वुडस्टॉकच्या उत्सवात रविशंकरांनी पावसात सतार वाजविली, तेव्हा तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या, पण १९७० सालच्या त्या चित्रपटात हे वादन नाही, असे नातवाने सांगताच सौ. हळहळली.)

लय वाढू लागली, तबला-सतारीचे सवालजवाब रंगले. आणि मी सहज बाजूला पाहिले. माझ्या भावाच्या डाव्या हाताची बोटे गुडघ्यावर चालत होती. तारा दाबावयाच्या तशी, एकेक नेमकी. डोळे पडद्यावर होते. आपण काय करीत आहो ह्याचे त्याला भान नव्हते. चौपन्न वर्षांत मी ती बोटे कधी पाहिली नव्हती. नोटा मोजताना पाहिली असतील तेवढीच.

पडद्यावरचे सारे लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबेनात. आमच्याकडे मुलेही टाळ्या पिटू लागली.

मंडळी पांगल्यावर मी त्याला ओटीवर गाठले. बाहेर पाऊस कोसळत होता.

"तू तेव्हा काय वाजवीत असस?" मी विचारले.

तो जरा वेळ माझ्याकडे पाहातच राहिला. "दोन-तीन इंग्रजी गाणी यायची. आणि आईचा एक अभंग बसविला होता, दादा. तिला ऐकवावा म्हणूनच इकडे आणली होती."

"मग ऐकवलास का नाही?"

"गिटार पडवीत होती ना," तो म्हणाला.

आई जाऊन आता तीस वर्षे होतील. मी काही बोलू शकलो नाही. दाराआडून नातू ऐकत होता, हे मला उशिरा कळले. सकाळी तो कुडाळला गिटारी कुठे मिळतात याची चौकशी करीत होता. भावाने मानेनेच नको म्हटले. मी मुलाला आत बोलावले आणि पाकिटातून पैसे काढून दिले.