बोंडल्याचा जावई

मी फोंड्याला प्राथमिक शाळेत शिकवते. सहल म्हटली की आमची बस बोंडल्याला जाते. अभयारण्य अवघं आठ चौरस किलोमीटरचं, आणि आत छोटं प्राणिसंग्रहालय. गुरुवारी ते बंद असतं. बस ठरवण्याआधी वार बघा, लोक फाटकावरून परततात.

तिथं गव्याच्या कुंपणाशी मी मुलांना मोठ्यानं माहिती सांगत होते. गवा आपला राज्यप्राणी वगैरे. खाकी कपड्यांतला एक जण जवळ येऊन म्हणाला, "टीचर, जरा हळू. तो बिथरतो." मुलं हसली. मला राग आला. काही दिवसांनी तोच माणूस एका मुलाची विसरलेली छत्री घेऊन शाळेत आला, टेबलावर ठेवली आणि निघाला. आभार मानायला मला मागून धावावं लागलं.

माझं तोंड वर्गाबाहेरही बंद नसतं. तो बोलायचा, पण सांबर-चितळांशी. पुढं आमचे फोन सुरू झाले, तेव्हाही मी बोलायचे आणि तो "हं" म्हणायचा. नेटवर्क गेलं की काय म्हणून मी मधेच "हॅलो, हॅलो" करायचे. तरी रात्री त्याचा फोन नाही आला तर मला झोप लागेना. तेव्हा कळलं, आता घरी सांगावं लागणार.

आमच्या घरी सोमवारी मासळीसुद्धा येत नाही आणि हा रोज बिबट्यासाठी मांस तोलणारा. आईनं एवढंच विचारलं, "हात नीट धुतो ना?" बाबांचा प्रश्न अवघड होता. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. लग्न झाल्यावर तो करार करता येत नाही. आमचं कुळागर आहे, सुपारी-नारळाचं. त्यातला माझा वाटा जावयाशी सामायिक होणार, ही बाबांची धास्ती.

त्याला हे सांगायची मला लाज वाटत होती. विश्वास नाही असं वाटेल ना! शेवटी बसस्टँडवर एका दमात सांगून टाकलं. तो म्हणाला, "करूया की." वकिलाकडून कागद करून घेतला. नोंदणीची तारीख घ्यायच्या आधीच हा विषय काढलेला बरा. हॉल ठरल्यावर काढला तर तो भांडणासारखा वाटतो.

आणखी एक. आमच्याकडे लग्नाची नोंदणी दोन सह्यांची असते. पहिल्या सहीनंतर हरकतींसाठी नोटीस लागते, मग दुसरी सही. पहिली झाली की नातेवाईक पेढे मागतात, पण दुसरी होईपर्यंत कायद्यानं लग्न लागलेलं नसतं. त्याच्या ड्यूटीमुळे आमची दुसरी तारीख पुढं गेली आणि मावशी रोज फोन करून माझा जीव खायची. तेवढे दिवस मीही गप्प होते. त्याला ते फार विचित्र वाटलं म्हणे.

संसारात पहिली अडचण कपड्यांची. रानातून गोचीड येते. सत्तरी तालुक्यात गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाची साथ येऊन गेली आहे, त्यामुळे मी घाबरायचे. आता तो मागच्या पडवीत कपडे बदलतो, ते थेट गरम पाण्यात जातात, मग आंघोळ, मग चहा. दुसरी अडचण चतुर्थीची. गणपती आले म्हणून प्राणी उपाशी राहत नाहीत. पहिल्या वर्षी सगळे पानावर ताटकळले आणि मी चिडले. आता दुपारची आरती त्याच्याविना होते. जेवणाला त्याच्यासाठी थांबायचं नाही, हे त्यानंच आईला सांगून टाकलंय.

बाबांचं म्हणाल तर कुळागरात माकडं उतरली की पहिला फोन जावयाला. तेव्हा मात्र तो चार वाक्यं सलग बोलतो.