दहा पावले

गेल्या वर्षी कॉलेजात नाव घातले आणि त्याच आठवड्यात एन. सी. सी.तही शिरलो. खरे सांगायचे तर देशसेवेपेक्षा बुटांचे आकर्षण अधिक होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि घोट्याच्या वर येणारे बूट घालणाराही पहिलाच.

स्टोअरमधून मिळालेले ते काळे अँकल बूट आधी कुणीतरी वापरलेले होते. पहिल्या दिवशी पाय ओंडक्यासारखे उचलावे लागले. अनवाणी माणसाचा घोटा पावलागणिक वाकत असतो, बोटे भुई चाचपत असतात. बुटाचे ताठ कातडे घोट्याला आवळून धरते. मग त्याचे काम गुडघ्याला नि कमरेला करावे लागते. टाच आधी टेकते, तीही जोरात. त्यात उस्तादांचा हुकूम, मिनिटाला १२० पावले आणि पाऊल ३० इंचांचे! महिनाभर पोटऱ्या भरून येत. पुढे इतकी सवय झाली, की चपलेतसुद्धा मी टाच आपटू लागलो. खोलीवरचे मित्र म्हणत, "फौजदार आले!"

दिवाळीत बूट घालूनच गावी गेलो. (रुबाब दाखवायचा होता, लपवत नाही.) ओल्या बांधावर फजिती झाली, पायाला खालचे काही कळेचना. नांगरटीच्या ढेकळांत मात्र एकदाही पाय मुरगळला नाही.

आबा ते पाहत होते. मी पहिलीत असताना विहिरीच्या कामावर त्यांचा उजवा घोटा मुरगळला. हाडवैद्याने बांधला आणि चार दिवसांनी आबा पुन्हा कामावर गेले. रोज बुडत होता ना! तेव्हापासून तो घोटा दगा देतो. उजव्या पायावर भार पडतो न पडतो तोच आबा डावा पाय टेकतात.

संध्याकाळी मी म्हटले, "आबा, जरा घालून बघा."

"आरं, सरकारी हायती. झिजतील."

"दहा पावलांनी काय झिजत्यात?"

माप एकच निघाले. नाड्या मीच बांधल्या, घोट्यापाशी घट्ट. आबा अंगणात चालू लागले. पहिली दोन-तीन पावले चाचपडत टाकली, मग उजव्या पायावर पुरा भार पडू लागला. टप्, टप्, सारख्या अंतराने.

ओट्यावर आज्जी बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. माणसे ती पावलांच्या आवाजावरून ओळखते. तिने पदर सावरला नि विचारले, "कोन पाव्हनं आलं रं?"

आबा थांबले. खाली बसून नाड्या सोडू लागले. "घोटा धरून ठेवतंय बघ," ते म्हणाले, "पन जड लई. चिखलात न्हाई चालायचं." मग धोतराच्या सोग्याने बूट पुसून त्यांनी माझ्याकडे दिले.

यंदा 'बी' सर्टिफिकेटची परीक्षा झाली, की बूट स्टोअरमध्ये जमा करायचे आहेत. बाजारात तसल्या बुटांची किंमत विचारून आलो आहे. आबांना अजून सांगितलेले नाही.