उंडेऱ्याची अठ्ठावीस घरे : एका लसीचा आणि संमतीचा इतिहास

१/ फेब्रुवारी १८९८. बडोदे संस्थानातील उंडेरा हे खेडे. गावात प्लेग शिरलेला. एक युरोपीय जीवाणुशास्त्रज्ञ प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना प्रतिबंधक लस टोचतो आणि उरलेल्या अर्ध्यांना जाणीवपूर्वक तसेच ठेवतो. लस उपयोगी आहे की नाही, हे त्याला सिद्ध करायचे असते. त्या सिद्धतेची किंमत कोणी मोजली, याचा हा थ्रेड.

२/ या शास्त्रज्ञाचे नाव वाल्डेमार हाफकिन. जन्म १८६०, रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याने कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये तो हिंदुस्थानात आला.

३/ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. सरकारने हाफकिनला पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत, तुपाचे थेंब सोडलेल्या रश्शात त्याने प्लेगचे जंतू वाढवले आणि उष्णता देऊन मारले. १० जानेवारी १८९७ रोजी त्या मृत जंतूंची पहिली मात्रा त्याने स्वतःच्या शरीरात घेतली.

४/ त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पोहोचला. सुमारे दीडशे कैद्यांनी लस घेतली, त्यांहून थोड्या अधिक जणांनी घेतली नाही. न टोचलेल्यांपैकी १२ जण आजारी पडले, त्यांतील ६ दगावले. टोचलेल्यांत रुग्ण २, मृत्यू एकही नाही. हे कैदी स्वेच्छेने पुढे आले, अशी नोंद आहे. परंतु ज्याच्या कोठडीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला आहे आणि दाराशी प्लेग उभा आहे, त्याची ‘स्वेच्छा’ किती मोकळी मानायची?

५/ तुरुंगाबाहेरचे वातावरणही मोकळे नव्हते. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि सामानाची जाळपोळ यांनी लोक धास्तावले. पुण्यात २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, त्यामागे हाच संताप होता. लस मात्र अधिकृतपणे ऐच्छिक राहिली. तरी काही ठिकाणी ती घेणाऱ्यांना प्लेगच्या नियमांतून सूट मिळे. सवलतीच्या बदल्यात मिळालेला होकार हा निखळ होकार असतो का, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

६/ आता पुन्हा उंडेऱ्याकडे. भायखळ्याच्या आकड्यांवर टीकाकारांचा आक्षेप रास्त होता. आपण होऊन लस घेणारा माणूस मुळातच अधिक सावध, कदाचित अधिक सुदृढ असतो. मग श्रेय लसीचे की त्या माणसाचे? एकच घर, एकच चूल, एकच पाणी. अशा घरातली अर्धी माणसे टोचली की हा आक्षेप उरत नाही. शास्त्राच्या दृष्टीने ही रचना अत्यंत चोख होती.

७/ काही आठवड्यांनी मोजदाद झाली. प्लेगची लागण झालेली घरे निघाली २८. त्यांत टोचलेली माणसे ७१, त्यांपैकी मृत्यू ३. न टोचलेली ६४, त्यांपैकी मृत्यू २६. लस प्रभावी ठरली. हा निष्कर्ष ज्यांच्यामुळे इतका स्पष्ट झाला, ती २६ माणसे आपल्यापुढे केवळ एका संख्येच्या रूपात उरली आहेत.

८/ हाफकिनची बाजू दुर्बळ नाही. पक्की खात्री नसताना लाखो लोकांना लस देणे हाही एक प्रयोगच ठरला असता, आणि तोही मोजमापाविना. पण फेब्रुवारी १८९८ पर्यंत भायखळा, दमण आणि लोणावळा येथील अनुभव हाती होता. लस बहुधा वाचवते, असे मानण्यास आधार होता. ‘बहुधा’पासून ‘निश्चित’पर्यंतचे अंतर उंडेऱ्यातील घरांनी कापले.

९/ पुढे पारडे उलटले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला पद सोडावे लागले. वास्तविक बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्याची बाजू मांडली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये तो दोषमुक्त झाला. मुंबईतील प्रयोगशाळेला त्याचे नाव १९२५ मध्ये मिळाले.

१०/ या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. मुलकोवालच्या १९ मृत्यूंची चौकशी झाली, कारण तेथे सुईने जीव घेतला. उंडेऱ्याच्या २६ मृत्यूंची चौकशी होण्याचे कारणच नव्हते, तेथे सुई केवळ पोहोचली नव्हती. केलेल्या कृतीचा जाब विचारला जातो, न केलेल्या कृतीचा क्वचितच. वैद्यकीय नीतीचा हा पेच आजही सुटलेला नाही.

११/ १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेने स्वेच्छासंमती अनिवार्य मानली. १९६४ मध्ये हेलसिंकी घोषणापत्र आले. भारतात २०१३ पासून औषध-चाचण्यांमध्ये संमतीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचा नियम आला. त्यामागे गरीब व अशिक्षित रुग्णांच्या अंगठ्यांचा दीर्घ इतिहास उभा आहे.

१२/ हा इतिहास गुजरातच्या सीमेलगतच्या नंदुरबारला परका नाही. १८९८ मध्ये हा मुलूख खानदेश जिल्ह्यात होता, आणि प्लेग खानदेशातही पोहोचला होता. आज येथे प्रश्न सिकलसेलचा आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांत व्यापक रक्ततपासणी होते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून तपासणी हवीच.

१३/ परंतु कोरीटसारख्या गावात एखाद्या तरुणीच्या बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब केवळ हिमोग्लोबिनची माहिती सांगत नाही. तो तिच्या लग्नाच्या बोलण्यांतही येऊन बसतो. ती ‘वाहक’ आहे, ‘रुग्ण’ नव्हे, हा भेद तिला आणि तिच्या घराला कोणत्या भाषेत समजावला गेला? अहिराणीत, भिलोरीत, की फक्त छापील मराठीत? चिठ्ठी कोणाच्या हाती पडली?

१४/ उंडेऱ्यातील त्या सकाळी कोणाला टोचायचे आणि कोणाला नाही, हे सुई धरणाऱ्याने ठरवले. विज्ञान त्यामुळे पुढे गेले, हे मान्यच करावे लागते. पण ‘लस चालली का?’ याबरोबरच ‘उरलेल्या अर्ध्यांना विचारले होते का?’ हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने प्रत्येक यशोगाथेला विचारायला हवा. आजच्या शिबिरात तो वेळेवर विचारता येतो. उंडेऱ्यासाठी ती वेळ टळून गेली.