त्सेलीहून आबांना

त्सेली, ॲरिझोना

ती. आबांस,

पोचले. ही जागा सात हजार फुटांवर आहे, मे महिन्यातही रात्री स्वेटर लागतो. आईला सांगा, आणलाय.

इथलं दिने कॉलेज 1968 सालचं, तुमच्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्याच वयाचं. अमेरिकेत एखाद्या आदिवासी राष्ट्रानं स्वतः चालवलेलं हे पहिलं कॉलेज. तेव्हाचं नाव नवाहो कम्युनिटी कॉलेज. राहुरी ज्या ‘लँड ग्रँट’च्या धर्तीवर उभी राहिली, त्याचा कायदा 1862चा: सरकारनं जमिनी द्यायच्या, त्या विकून शेतीची कॉलेजं काढायची. आता या जमिनी बऱ्याचशा इथल्या मूळ लोकांकडून घेतलेल्या. आणि त्यांच्या स्वतःच्या कॉलेजांना ‘लँड ग्रँट’चा दर्जा मिळाला 1994मध्ये, तोही जमिनीशिवाय, निधीच्या रूपात! तुमच्या तोंडून हा भाग कधी ऐकला नव्हता.

त्सेली

ती. आबा,

आज दिवसभर आम्ही मेंढ्यांच्या वाडग्यात होतो. शिकवणाऱ्या बाईंनी मेंढी उचलून ढुंगणावर बसवली, तिची पाठ स्वतःच्या गुडघ्यांना टेकवली, की ती निमूट. मग खालची पापणी अंगठ्यानं ओढायची आणि आतला रंग हातातल्या कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. लाल असेल तर सोडून द्या. पांढुरकी दिसली तर जंत रक्त पितायत, औषध पाजा. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं की जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. माझ्या वाट्याची मेंढी लाल म्हणावी की गुलाबी, यावर दोन पोरांत जुंपली. बाईंनी निवाडा केला नाही, दुसऱ्या डोळ्यात बघा म्हणाल्या.

इथली खास जात चुरो. स्पॅनिश लोकांबरोबर आलेली. काही मेंढ्यांना चार-चार शिंगं. बाहेरचा केस लांब, आतली लोकर मऊ, आणि चिकटा इतका कमी की धुवायला फारसं पाणी लागत नाही. या कोरड्या मुलखात याहून काय हवं? सरकारी तज्ज्ञांना मात्र ती हलकी वाटली. त्यांनी रॅम्बुये मेंढे लावून संकर केला. ती लोकर तेलकट, हातानं कातणारे वैतागले. पुढे 1930च्या दशकात चराई जास्त होते, माती वाहून हूवर धरणात गाळ भरेल, म्हणून कळपच कमी करायला लावले. कितीतरी जनावरं गोळ्या घालून तिथेच टाकून दिली. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं हे पोरांना पाठ आहे. चुरो संपतच आली होती. 1977मध्ये प्राध्यापक लाइल मॅकनील यांनी उरलेल्या शोधून पैदास सुरू केली.

आबा, आपल्याकडेही दख्खनीवर मेरिनो लावला होता ना? तेव्हा धनगरांना कुणी विचारलं होतं का? तुम्ही खात्यात होता, खरं सांगा.

ता. क. मिस नवाहो स्पर्धेत मुलींना मेंढी कापून, साफ करून दाखवावी लागते. आईला हे वाचून दाखवू नका.

शिप्रॉक, न्यू मेक्सिको

ती. आबा,

तुमचं उत्तर मिळालं. “तेव्हा विचारायची पद्धत नव्हती.” सारवासारव केली नाहीत, बरं वाटलं.

इथे कॉलेजची दुसरी शाखा आहे. सान हुआन नदीवरचे पाट, मका, कलिंगडं, डोळे निवतात. 5 ऑगस्ट 2015ला वर कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग या बंद खाणीत सरकारी पर्यावरण खात्याचं काम चालू असताना सुमारे 30 लाख गॅलन दूषित पाणी सुटलं. ॲनिमस नदी पिवळी झाली आणि ते पाणी या नदीत आलं. ऐन हंगामात पाट बंद करावे लागले. नवाहोंना मक्याचे परागही पूजेला लागतात, त्यामुळे प्रश्न नुसत्या पिकाचा नव्हता. पाणी-मातीचे नमुने घ्यायला मग विद्यापीठातल्या संशोधकांबरोबर इथलीही माणसं उतरली. सरकारी अहवालावर आज्यांचा भरवसा नसतो, नातवानं स्वतः भरलेल्या बाटलीवर असतो. मला तर या कॉलेजचं खरं काम तेच दिसतं.

उद्या पाट नसलेल्या रानात मका पेरायचा आहे. काठीनं फूटभर खोल भोक पाडून एकाच जागी बरेच दाणे टाकतात. जुलैचा पाऊस येईपर्यंत रोपं खालच्या ओलीवर तगतात. आपल्या तिफणीनं बी इतकं खोल पडेल का? कळवा.

तुमची,
धाकटी