शेवटच्या खंडाची लय

वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांची तुलना करणारा रसिक बहुधा घड्याळापासून सुरुवात करतो. एकच सिंफनी एका संचालकाच्या हाती सुमारे ४४ मिनिटांत संपते, दुसऱ्याच्या हाती ती ५९ मिनिटांच्या आसपास जाते. एवढे कळले की वेगवान कोण आणि संथ कोण याचा निवाडा होतो व चर्चा तेथेच थांबते. ख्यालगायनात बंदिशीचा विस्तार गायकाचा असतो, तेव्हा असा फरक स्वाभाविक वाटतो. सिंफनीत मात्र प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो. मग हे पंधरा मिनिटांचे अंतर येते कोठून? संचालकाने संहिता कशी वाचली आणि वाचताना संहितेबाहेरचे काय सोबत आणले, हे पाहिल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही. प्योत्र चायकॉव्हस्कीची ‘पातेतिक’ या नावाने ओळखली जाणारी सहावी सिंफनी या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

२८ ऑक्टोबर १८९३ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे खुद्द चायकॉव्हस्कीच्या संचालनाखाली ही सिंफनी प्रथम वाजली आणि नऊच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, तो मरण पावला. त्याच महिन्यात एदुआर्द नाप्राव्हनिक याने ती पुन्हा सादर केली, ती स्मृतिमैफलीत. पहिल्या वेळी श्रोते संभ्रमात पडले होते, कारण रूढ संकेत येथे उलटा झाला होता. सिंफनीची सांगता जल्लोषात व्हावयाची. येथे तिसऱ्या खंडातील दणदणीत कूचगीतानंतर चौथा खंड विलापाने सुरू होतो आणि मंद्र सप्तकात विझून जातो. दुसऱ्या वेळी कर्त्याचा मृत्यू सर्वांना ठाऊक होता. जो शेवट कोडे वाटला होता, तो आता निरोप वाटू लागला. एका चरित्रघटनेने संहितेचा अर्थ असा ठरवून टाकला, आणि पुढील प्रत्येक संचालकाला या अर्थाशी आपला संबंध निश्चित करावा लागला.

येव्हगेनी म्राव्हिन्स्की याने लेनिनग्राड फिलहार्मोनिकसह १९६० साली केलेले ध्वनिमुद्रण या निरोपाच्या अर्थाला फारशी सवलत देत नाही. शेवटचा खंड तेथे सुमारे दहा मिनिटांत संपतो. संहितेत या खंडाच्या आरंभी मेट्रोनोमचा ५४ हा अंक आहे. म्राव्हिन्स्कीची लय त्याच्याशी इमान राखणारी आहे. परंतु खरा मुद्दा अंकाचा नाही. या खंडात दुसरे स्वरवाक्य येते तेव्हा त्याच्याखाली हॉर्न वाद्यांचे अखंड स्पंदन चालू असते, आणि अगदी अखेरीस तेच वाक्य करुण रूपात परतते तेव्हा स्पंदन डबल बासवर उतरलेले असते. म्राव्हिन्स्कीच्या लयीत या दोन्ही जागांमधील नाते कानाला स्पष्ट कळते. शोक येथे रचनेतून निष्पन्न होतो. तो वरून चढविलेला नाही.

लिओनार्ड बर्नस्टाइन याचे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबरचे १९८६ चे ध्वनिमुद्रण याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तेथे हाच खंड सतरा मिनिटांवर जातो. प्रत्येक स्वर जणू सोडवत नाही म्हणून धरून ठेवलेला; विराम इतके दीर्घ की पुढचा स्वर येईल की नाही अशी शंका यावी. स्पंदन सुटे होऊन जाते. याच संचालकाने याच वाद्यवृंदासह १९६४ मध्ये केलेले ध्वनिमुद्रण मात्र नेहमीच्या मर्यादेत राहते. म्हणजे हा केवळ स्वभावाचा प्रश्न नव्हे. बावीस वर्षांच्या अवधीत त्याच वाचकाने तीच संहिता निराळी वाचली.

संहितेचा दाखला देऊन बर्नस्टाइनला दोषी ठरविणे सोपे आहे. हस्तलिखिताच्या अभ्यासकांनी तर असे दाखविले आहे की, या खंडाच्या शीर्षस्थानी चायकॉव्हस्कीने ‘आंदान्ते’ असे लिहिले होते. छापील प्रतीतून परिचित झालेला ‘अदाजिओ’ हा अधिक संथ लयीचा शब्द दुसऱ्या हातचा आहे. येथे प्रकरण मिटावयास हवे. पण ते मिटत नाही. १८९३ च्या फेब्रुवारीत, म्हणजे सिंफनी आकार घेत असतानाच, आपला भाचा व्लादिमीर दाव्हिदोव्ह यास लिहिलेल्या पत्रात चायकॉव्हस्कीने सांगितले होते की, शेवट गजबजलेला नसून प्रदीर्घ अशा ‘अदाजिओ’चा असेल, आणि मनातल्या मनात ही रचना करताना प्रवासात आपल्याला अनेकदा रडू आले, हेही त्याने नमूद केले होते. पुढे ही सिंफनी त्याने याच भाच्याला अर्पण केली. तेव्हा संथपणाचा उगम सर्वस्वी मरणोत्तर आख्यायिकेत आहे, असे म्हणता येत नाही. कर्त्याचा एक शब्द हस्तलिखितात आहे, दुसरा पत्रात; दोन्ही त्याचेच.

साहित्याच्या अभ्यासकाला हा पेच अपरिचित नाही. कवीच्या अकाली मृत्यूनंतर त्याच्या अखेरच्या ओळींत मृत्यूची चाहूल शोधली जाते आणि ती हटकून सापडते. अशा वाचनाला बाद करता येत नाही, पण त्याच्याकडे पुरावा मागता येतो. ध्वनिमुद्रणांच्या तुलनेचे महत्त्व येथेच आहे. म्राव्हिन्स्की ऐकल्यानंतर बर्नस्टाइन ऐकणाऱ्याला कळते की शोकाचे दीर्घ सूर कोणत्या नात्याची किंमत देऊन मिळाले; आणि उलट क्रमाने ऐकणाऱ्याला कळते की रचनेची रेषा अभंग ठेवताना कोणता आकांत आवरावा लागला. सिंफनी लिहिणारा मनुष्य तेव्हा जिवंत होता आणि आपली ही कृती सर्वोत्तम आहे असे मानत होता, हे सत्य दोन्ही वाचनांसमोर सारखेच उभे राहते. दोन्ही ध्वनिमुद्रणे त्याच्याशी ताडून पाहण्याचे काम श्रोत्याकडेच उरते.