द्वितीया आणि तृतीया

वैशाख शुद्ध द्वितीया जवळ आली की बेळगावच्या गल्लीगल्लींतून लाकडी तलवारींना चंदेरी कागद चिकटविण्याची लगबग सुरू होते. महाराष्ट्र शासन 19 फेब्रुवारी हा शिवजन्माचा दिवस मानते. लोकमान्यांनी 1916 साली उजेडात आणलेल्या जेधे शकावलीचा त्यास आधार आहे. आमच्या गावाने मात्र जुनी तिथी सोडलेली नाही. उन्हाळ्याची सुटी, मोकळी मुले, आणि रात्रभर चालणारी चित्ररथांची मिरवणूक! एका रथावर अफझलखानाची भेट, दुसऱ्यावर आग्ऱ्याचे पेटारे, तिसऱ्यावर बाजीप्रभूंची खिंड. काजळाच्या मिशा कोरलेले मावळे जांभया दाबीत पहाटेपर्यंत पहारा करितात.

एका वर्षी आमच्या गल्लीत देखाव्यावरून वाद झाला. कोणी सुचविले, या वेळी बेलवडीचा प्रसंग घ्यावा. 1678 साली कर्नाटकाच्या मोहिमेवरून परतताना मराठी फौजेने बैलहोंगल भागातील बेलवडीच्या गढीस वेढा घातला, आणि तेथील देसाईणीने ती 27 दिवस झुंजविली. सभासदाच्या बखरीत तिचे नाव सावित्री. कन्नड लोकस्मृतीत ती मल्लम्मा. महाराजांनी पुढे तिचा सन्मान केला, असे परंपरा सांगते. तरीही, "आपली फौज जेथे अडली, तेच आपण मिरवावयाचे?" असे एका ज्येष्ठांनी खडसावून विचारले. आम्हीही तेव्हा त्यांच्याच बाजूस होतो, हे कबूल केले पाहिजे.

आमचे मन पालटले ते शिंप्याच्या ओट्यावर. गल्लीतील मावळ्यांचे अंगरखे वर्षानुवर्षे शिवणाऱ्या या शेजाऱ्याची घरची भाषा कन्नड. द्वितीयेस तो आमच्या पाळण्याची दोरी ओढावयास येई, आणि दुसऱ्या दिवशी, अक्षय्य तृतीयेस, बसवेश्वर जयंतीच्या मिरवणुकीत असे. मुलांची मापे घेता घेता तो म्हणाला, "मावळे लई शिवले की हो. आमच्याकडचं कुणी उभं राहणार असेल तर सांगा, त्याची शिलाई घेत नाही."

त्याच्या बोलण्यात रोष नव्हता. म्हणूनच ते आम्हांस लागले. इतक्या वर्षांत त्याच्या घरच्या लेकराने आपले म्हणावे असे एकही पात्र आम्ही रथावर उभे केले नव्हते.

त्या वर्षी गढीच्या तटावर त्याची नात उभी राहिली. खाली आमची मुले वेढा घालून बसली. फलकावर दोन्ही लिपींत दोन्ही नावे होती. पहाटे तीनच्या सुमारास झोपेने पेंगुळलेल्या त्या देसाईणीच्या हातून तलवार निसटली. वेढ्यातील एका मावळ्याने ती चटकन उचलून तिच्या हाती परत दिली. रस्त्यावरचे लोक खळखळून हसले.

वाद घालणारे ते ज्येष्ठ कोपऱ्यावर एकटेच उभे होते. ते हसले की नाही, हे आम्हांस अंधारात दिसले नाही. पण पुढील वर्षी वर्गणीच्या वहीत पहिले नाव त्यांचे होते, आणि दुसरे शिंप्याचे.