पाठकोऱ्या कागदांवरची टिपणे

नवोदयची सहावीची प्रवेश परीक्षा: 80 प्रश्न, 2 तास. त्यांतले 40 प्रश्न मानसिक क्षमतेचे, 100 पैकी 50 गुण त्यांचेच. सगळ्या आकृत्या. वेगळी ओळखा, आरशातली प्रतिमा, घडी घालून भोक पाडलेला कागद, लपलेली आकृती. आकृतीला भाषा नसते, म्हणून झरी जामणीच्या कोलाम आदिवासींच्या पोडावरचं, म्हणजे वस्तीवरचं, पोर आणि यवतमाळ शहरातलं पोर इथे बरोबरीने बसतात, असं शिक्षक सांगतात. अर्धं खरं आहे. बाकीच्या 50 गुणांसाठी कोलामी बोलणाऱ्या पोराला मराठी, हिंदी, इंग्रजी असलं काहीतरी निवडावंच लागतं.

*

लपलेल्या आकृतीची चाचणी हर्मन विटकिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने रुजवली. रेघांच्या जंजाळातून एक साधा आकार कुणी झटकन वेगळा काढतो, कुणाला आधी सगळं चित्रच दिसतं. विटकिनच्या लेखी ही बघण्याची ढब होती. आपल्याकडे तिला गुण मिळतात आणि त्या गुणांवर बेलोऱ्याच्या नवोदयला कोण जाणार ते ठरतं.

*

घाटंजीकडच्या एका वावरात सातवीतला मुलगा पराटीच्या ओळीतून चालता चालता डोमकळ्या तोडत होता. गुलाबी बोंडअळी आत शिरली की फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंडाळून मिटलेल्या राहतात. नेमकं काय शोधायचं ते त्याने मला दोनदा दाखवलं, तरी मला पिवळ्या फुलांच्या गर्दीत ते ओळखू येईना. त्याचा हात मात्र न थांबता जात होता. हा नवोदयला बसला होता, लागला नाही. वडील म्हणाले, "वावरात याले सारं दिसते, अन् पेपरात कायले दिसत नाही कोन जाने."

उत्तर मलाही देता आलं नाही. घड्याळ असेल, गोल काळे करण्याची धास्ती असेल, किंवा पेपर अवघडच गेला असेल. एका पोरावरून सिद्धान्त मांडू नये.

*

अलाहाबादचे मानसशास्त्रज्ञ दुर्गानंद सिन्हा यांनी मात्र छोटा नागपूरच्या बिरहोर आणि उरांव मुलांसाठी लपलेल्या आकृतीची ही चाचणीच बदलली. कोरड्या भौमितिक रेघांऐवजी ओळखीची दृश्यं, त्यांत लपलेल्या वस्तू, सोबत एक गोष्ट. मुलाला आधी खेळ कळू द्यायचा, मग मोजायचं. प्रवेश परीक्षेला एवढी सवड नसते हे मान्य. पण सरावाचे संच विकत घेणाऱ्या घरातल्या मुलाला खेळ आधीच कळलेला असतो.

*

नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्सलरची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांना जुळवून घेतली, 1969 मध्ये. मराठीतही. आपल्या विभागातलं एवढं मोठं काम, आणि विदर्भातल्या डीएड झालेल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

*

जानेवारी 2025. राज्य मंडळाने बारावीच्या हॉल तिकिटावर जातीचा प्रवर्ग छापला. शाळेच्या नोंदीत चूक असेल तर वेळेत दुरुस्त व्हावी, हे कारण दिलं. ओरड झाली, तिकिटं मागे घेऊन नवी दिली. बहुतेकांनी तो खासगीपणाचा प्रश्न मानला. तो गुणांचाही होता. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात उघड केली नाही तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या बरोबरीने सोडवत होती. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर त्यांची कामगिरी घसरली. चक्रव्यूह तेच, मुलांचं डोकं तेच. 2006 मध्ये हे छापून आलं. हॉल तिकिटाचा नमुना मंजूर करणाऱ्याच्या टेबलावर ते कुणी ठेवलं असतं तर!

*

वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा: बरोबरला 4, चुकीला उणे 1. डोळे मिटून गोल काळा केला तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर दोन-तृतीयांश. म्हणजे प्रश्न कोरा सोडणं हा हिशेबाने तोट्याचाच धंदा. तरीही नीट वाचून येणारी, सावध मुलगी कोरा सोडते आणि बेधडक मुलगा ठोकून देतो. केटी बाल्डिगा यांनी अमेरिकेत 2014 मध्ये हेच दाखवलं: दंड असला की स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडतात, ज्ञान सारखं असूनही. एमएचटी-सीईटीला उणे गुण नाहीत. तिथे त्याच मुलीचं धाडस कुणी तपासत नाही. डॉक्टर व्हायला जुगारी स्वभाव का लागावा, हे मला समजलेलं नाही.

*

2023 पासून बोर्डाचा पेपर 11 ते 2.10. आधी पेपर वाचायला मिळणारी दहा मिनिटं पेपर फुटण्याच्या भीतीने काढली आणि शेवटी जोडली. बेरीज तीच. पण ज्याचे सुरुवातीलाच हात थरथरतात, त्याला ती सुरुवातीला हवी होती.

*

वाचन-लेखनाच्या अक्षमतेसाठी महाराष्ट्रात सवलती 1996 पासून आहेत, आणि 2016 च्या कायद्याने ती अपंगत्वाच्या यादीतही आली. तासाला 20 मिनिटं जादा, गरजेनुसार लेखनिक. 2021 मध्ये नीटला डिसग्राफिया, म्हणजे लेखनाची अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीला जादा तास नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण तिच्यावरचा अन्याय कसा दूर करणार ते ठरवा, असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं. ती न्यायालयापर्यंत पोचली, कारण तिच्याकडे प्रमाणपत्र होतं. मारेगावच्या वर्गात अक्षरं उलटी काढणाऱ्या पोराला आधी "ढ" म्हणतात. प्रमाणपत्राचा विचार कुणाच्या मनात आला तर फार पुढे.

*

शिकागोत रामिरेझ आणि बाइलॉक यांनी 2011 मध्ये एक साधा प्रयोग केला. परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवायला लावली. घाबरट मुलांचे गुण सुधारले. एका केंद्रसंचालकांना सांगितलं. ते म्हणाले, गेटच्या आत लिहिलेला कागद आणला तर भरारी पथक आधी मला धरेल. गेटबाहेर लिहा म्हटलं, तर तिथे पालकांची गर्दी. शेवटी सराव परीक्षेला करून बघू, यावर बोलणं मिटलं. कागद शाळेने द्यायचे की मुलांनी आणायचे, ते अजून ठरायचंय.